गिमलेट, गिरमिट आणि आईची अंबाडी

मागच्या लेखात पीजीतल्या एका शेगडीवर चार मुलींचा स्वयंपाक कसा चालतो ते लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच जणींनी विचारलं, सुट्टीला तुम्ही करता तरी काय? शनिवार-रविवारचं पुढे कधीतरी. आज शुक्रवारचं सांगते, आणि जरा घाबरतच सांगते. कारण हे सदर माझी आई वाचते. नुसती वाचत नाही, शेजारच्या काकूंनाही पाठवते.

आमचं ऑफिस नोएडाच्या सेक्टर ६२ मध्ये. शुक्रवारी सात वाजता लॅपटॉप मिटला की आम्ही पाच जण ऑटो करून इंदिरापुरमला आमच्या टीम लीडच्या फ्लॅटवर जातो. ती लखनौची, आम्ही तिला दीदी म्हणतो. एक बंगाली डिझायनर, एक केरळचा व्हिडिओ एडिटर, एक मी. आणि या जूनपासून पाचवा, नुकताच लागलेला ज्युनिअर. बिहारमधल्या गयेचा आहे, वय तेवीस, सगळ्यांना ‘आप’ म्हणतो.

आधी आम्ही मॉलमधल्या बारमध्ये जायचो. तिथे एका ग्लासाला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात माझा आठवड्याचा डबा येतो. शिवाय दिल्लीच्या हद्दीत दारू प्यायला वय २५ लागतं आणि नोएडात आलं की २१ पुरतं. हरियाणानेही २०२१ मध्ये २५ चं २१ केलं. त्यामुळे एकाच टीममधले दोघं मेट्रोच्या एका स्टेशनावर सज्ञान आणि पुढच्या स्टेशनावर अज्ञान, असं व्हायचं. शेवटी दीदी म्हणाली, घरी या, मी बनवते.

तिने बनवलं ते गिमलेट.

लहान वाचकहो, तुमच्यासाठी पुढे सरबत आहे, थांबा जरा.

गिमलेट म्हणजे जिन, लिंबू आणि साखर. संपलं. जिन म्हणजे जुनिपर नावाच्या झुडपाच्या फळांचा वास असलेली दारू. हे जुनिपर आपल्या हिमालयातही होतं, आयुर्वेदात त्याला हपुषा म्हणतात. पण गिमलेटची खरी गोष्ट लिंबाची आहे. समुद्रावर महिनोन्महिने राहणाऱ्या खलाशांच्या हिरड्या सुजायच्या, दात पडायचे, माणसं मरायची. जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरने १७४७ मध्ये जहाजावरच वेगवेगळ्या खलाशांना वेगवेगळ्या गोष्टी देऊन पाहिल्या. संत्री-लिंबं खाणारे दोघं सर्वांत लवकर उठून कामाला लागले. पुढे १८६७ मध्ये ब्रिटनने कायदाच केला की व्यापारी जहाजांवर खलाशांना लिंबाचा रस द्यायचा. त्याच वर्षी लॉकलन रोझ या स्कॉटिश माणसाने दारू न घालता, साखर घालून लिंबाचा रस टिकवण्याचं पेटंट घेतलं. हे टिकाऊ लिंबू सरबत जहाजांवर गेलं, अधिकाऱ्यांच्या हातात जिन होतीच, आणि कुणीतरी एकात एक ओतलं. औषध घशाखाली जावं म्हणून.

नावाबद्दल दोन गोष्टी सांगतात. एक म्हणजे नौदलात गिमलेट नावाचे एक डॉक्टर होते. दुसरी म्हणजे पिंपाला भोक पाडायचं एक छोटं हत्यार असतं, त्याचं नाव गिमलेट. दीदीने मोबाईलवर त्या हत्याराचा फोटो दाखवला आणि मी ओरडलेच, अरे, हे तर गिरमिट! आमच्या गल्लीतले सुतारकाका हेच पिळत बसायचे. मराठीत तो शब्द कधीचा आहे. तेव्हापासून आमच्या टेबलावर त्या पेयाचं नाव गिरमिट पडलं. एडिटरला ‘गिमलेट’पेक्षा ‘गिरमिट’ म्हणणंच सोपं जातं.

पहिल्या महिन्यात साधं गिरमिट झालं. मग प्रत्येकाला आपलं काहीतरी घालायची हौस आली. डिझायनरने चित्तरंजन पार्कच्या बाजारातून गंधराज लिंबू आणलं. त्यात रस बेताचाच, सगळा जीव सालीत. तिने साल किसून साखरेत चोळली आणि तासभर झाकून ठेवली. सालीतलं तेल साखरेत उतरतं, आणि झाकण उघडलं की खोलीभर वास. ते गिरमिट मला आजवरचं सर्वांत आवडलेलं. एडिटर आयएनए मार्केटातल्या केरळी दुकानातून कढीपत्ता आणि एक हिरवी मिरची घेऊन आला. ऐकायला कढीच वाटते, पण कढीपत्ता हातावर चुरडून बर्फात घातला की लिंबाला एक वेगळी धार येते. मिरची मात्र त्याने उभी चिरली आणि दीदी वीस मिनिटं खोकत होती. दीदीने स्वतः कैरीचं पन्हं घालून पाहिलं. ठीक होतं. पन्ह्याला जिनची गरज नाही, एवढं कळलं.

शेकर वगैरे काही नाही हं. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, त्यात बर्फ, वरून नॅपकिन गुंडाळायचा आणि हलवायचं. गाळायला चहाची गाळणी.

आणि हे असं ढवळाढवळ करणं आपल्याकडे काही नवीन नाही. कंपनीचे गोरे खलाशी सतराव्या शतकात इथे आले तेव्हा त्यांनी इथलीच दारू, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला एकत्र केलं. त्याला ते ‘पंच’ म्हणायचे. तो शब्द आपल्या पाचावरून गेला असं मानतात.

मग माझी पाळी आली. सगळे म्हणाले, तू मराठी, तू कोकम आण. आता यांना कोण सांगणार, मी वर्ध्याची. वर्ध्यातून कोकण जितकं लांब, त्याहून फार काही दिल्ली लांब नाही. आमच्याकडे आंबट म्हणजे अंबाडी. हिवाळ्यात तिला लाल बोंडं येतात, आई ती सोलून उन्हात वाळवते आणि मला डब्यात भरून देते. उन्हाळ्यात उकळून सरबत करायला. डबा पीजीच्या कपाटात पडून होता. तोच घेऊन गेले.

बोंडं उकळत्या पाण्यात टाकली आणि पाणी डाळिंबासारखं लाल झालं. डबा पाहताच गयेचा मुलगा उठून उभा राहिला. “ये तो कुदरुम है!” त्याच्या घरी याची चटणी करतात. बंगालीत मेस्ता, आंध्रात हिचीच बहीण गोंगुरा. पाच राज्यांची माणसं एका पातेल्यावर वाकून वास घेत होती. मला उगाच अभिमान वाटला, जणू अंबाडी मीच शोधून काढली.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल.

“काय करून राहिली?”

“ऑफिसातल्या दीदीकडे आलो सगळे. अंबाडी केली.”

“दाखव बरं. रंग आला का?”

मी ग्लास कॅमेऱ्यासमोर धरला. बर्फ, वर लिंबाची चकती, लालबुंद.

“मस्त झालं. सरबतच ना?”

“हो, सरबतच आहे.”

“बर्फ जास्त घालू नको. घसा धरते तुझा.”

त्या ग्लासात साठ मिली जिन होती.

फोन ठेवला आणि मी भरलेला दुसरा ग्लास त्या मुलाकडे सरकवला. तो दर शुक्रवारी येत होता, खिचडी-पापड खात होता, पाणी पीत होता आणि वर्गणी आमच्याइतकीच देत होता. ते आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. आमचं चालायचं ते ‘एक घोट तो ले ले यार’ एवढंच. त्या दिवशी मी म्हणाले, घे रे, तुझंच कुदरुम आहे, सरबतच आहे हे.

तो हसला. म्हणाला, “दीदी, अभी आपने मम्मी से भी यही बोला।”

टोमणा नव्हता तो. त्याने साधं निरीक्षण सांगितलं. बाकीचे हसले, मीही हसले. मग मी ग्लास परत माझ्याकडे ओढला आणि पुढचा अर्धा तास बर्फ ढवळत बसले.

आता वर्ध्याबद्दल सांगायलाच हवं. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला येऊन राहिले, त्याचंच पुढे सेवाग्राम झालं. गांधीजींचा जिल्हा म्हणून १९७५ पासून वर्ध्यात दारूबंदी आहे. गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. बंदी म्हणजे काय, हे वर्ध्याच्या माणसाला विचारा. दुकान नसतं. दारू असते. नाल्याच्या काठी जमिनीत पुरलेल्या ड्रममध्ये मोहफुलांचा सडवा असतो. कायदा कागदावर आणि ड्रम मातीत. तो ड्रम शोधायला पोलिसांबरोबर आणि पुष्कळदा पोलिसांच्या आधी गावातल्या बायका जायच्या.

माझी आई त्यांच्यात होती. आमच्या घरात कुणी पीत नव्हतं. तरी ती जायची. मी लहान असताना रात्री अकरा-साडेअकराला शेजारची मावशी दोन लेकरं घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसायची. आई तिला काहीही विचारायची नाही. चहा मांडायची, लेकरांना आमच्यात झोपवायची. सकाळी मावशी परत जायची. हे महिन्यातून किती वेळा व्हायचं, मोजलं नाही. पण नाल्यावरून सडवा सांडून आल्यावर आईच्या लुगड्याला जो आंबूस वास यायचा, तो मला अजून ओळखता येतो. दोनदा धुतलं तरी जायचा नाही.

अशा बाईच्या अंबाडीत मी जिन घातली, आणि कॅमेऱ्यासमोर धरून तिच्याकडून ‘मस्त झालं’ म्हणवून घेतलं.

त्या रात्री तो मुलगा आणि मी एकाच ऑटोने मेट्रो स्टेशनला गेलो. त्याच्या बिहारमध्येही २०१६ च्या एप्रिलपासून बंदी आहे. त्याने त्याच्या मोठ्या भावाबद्दल दोन-तीन वाक्यं सांगितली. ती त्याची आहेत, इथे लिहीत नाही. मी त्याला सॉरी म्हणाले. तो म्हणाला, नाही दीदी, तुम्ही लोक चांगले आहात, फक्त दर वेळी कारण विचारता.

हे मला फार लागलं. शाकाहारी माणसाला आम्ही कारण विचारत नाही. उपास आहे म्हटलं की ताट बाजूला करतो. दारू नको म्हटलं की मात्र औषध चालू आहे का, घरचे ओरडतील का, धर्मात नाही का, असं सगळं विचारून मग वर म्हणायचं, अरे पण हे हलकं आहे.

हलकं नसतं ते. मला वाटायचं असतं. कॉकटेलची गंमतच ही आहे की साखर आणि लिंबू दारूची चव झाकतात, त्यामुळे पाण्यासारखं जातं. हिशेब केला तर साठ मिली जिन, बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं, म्हणजे एका ग्लासात साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. दोन ग्लास ४०. शरीराला ते पचवायला कित्येक तास लागतात, लिंबू असो की अंबाडी. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आमचा एडिटर स्कूटरने यायचा. ‘दोनच तर घेतले’ म्हणत परत जायचा. आम्ही त्याला हेल्मेट दे म्हणायचो आणि स्वतःला फार जबाबदार समजायचो.

रविवारी मी आईला फोन केला. सकाळी अकराला, म्हणजे तिची कामं आटोपलेली असतात.

“आई, त्या दिवशी मी दाखवलं ना, ते सरबत नव्हतं.”

तिकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाल्याचं ऐकू आलं.

“मंग काय होतं?”

सांगितलं. किती, कोणाबरोबर, केव्हापासून, सगळं. तिने मध्ये एकच विचारलं, “घरी कशी गेली?” ऑटो आणि मेट्रो म्हटलं. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कट झाला.

“माझ्या अंबाडीत,” ती म्हणाली. तेवढंच.

मी बोलत सुटले. मी सव्वीस वर्षांची आहे, कमावते, आठवड्यातून एकदा, दीदीच्या घरी, दारं बंद करून कुणी मारझोड करत नाही, आम्ही गाणी लावतो, एकमेकांच्या बॉसला शिव्या घालतो. सडवा वेगळा आणि गिमलेट वेगळं. हे बोलताना मला स्वतःलाच ऐकू आलं, की जिन महाग आहे आणि मी इंग्रजीत बीए केलंय, यापलीकडे माझ्या म्हणण्यात फारसं काही नाही.

“नशा तर एकच हाये ना?” आई म्हणाली.

एकच आहे. रसायनशास्त्र तिच्या बाजूने आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये सांगितलं, की अमुक एवढी दारू सुरक्षित अशी रेघ मारता येत नाही. पण मी तिला हेही सांगितलं की मी सोडते असं वचन देत नाही, कारण मग मला परत खोटं बोलावं लागेल. मला ते शुक्रवार आवडतात. गंधराजचं गिरमिट मला खरंच आवडतं. आईला हे पटलेलं नाही, आणि मी हे लिहिलं म्हणून पटणारही नाही.

पुढच्या शुक्रवारी आम्ही टेबल बदललं. कुणी ठराव केला नाही. मी दीदीला फोनवर सगळं सांगितलं होतं, ती म्हणाली, आधी सगळ्यांचं सरबतच करू. मोठ्या स्टीलच्या जगमध्ये अंबाडी. बाटली टेबलावर नाही, स्वयंपाकघरात ओट्यावर, शेजारी तीस मिलीचं माप. ज्याला हवं त्याने आपला ग्लास घेऊन आत जायचं आणि मोजून घालून आणायचं. बाहेर सगळ्यांचे ग्लास सारखेच लाल. कोणात काय आहे हे कळत नाही, आणि गंमत म्हणजे कुणी विचारलंही नाही. त्या दिवशी पाचांतले दोघंच आत गेले. त्यातली एक मी. एडिटर आत गेला नाही, कारण स्कूटर आणली होती. आता शुक्रवारी तो ती ऑफिसातच ठेवून येतो. वर्गणीतून बाटलीचा भाग वेगळा काढला, आणि गयेच्या मुलाचे मागचे पैसे परत केले. तो नको नको म्हणत होता, दीदीने जबरदस्तीने यूपीआय केले.

कृती मागाल म्हणून देते. मूठभर वाळलेली अंबाडीची बोंडं धुऊन चार ग्लास पाण्यात टाका, उकळी आली की गॅस बंद करून पंधरा मिनिटं झाकून ठेवा. गाळून घ्या. गरम असतानाच गूळ किंवा साखर विरघळवा, आवडीप्रमाणे. गार झालं की चिमूटभर काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, आणि लिंबू अगदी अर्धंच पिळा. अंबाडी स्वतःच आंबट असते, पूर्ण लिंबू घातलं तर दात आंबतात. गंधराज मिळालं तर नुसती साल वरून किसा. डब्यात बर्फ घालून हलवलं की वर गुलाबी फेस येतो, मुलांना तो फार आवडतो. दीदीचा सात वर्षांचा भाचा आला होता, त्याने तीन ग्लास प्यायले.

डबा आता संपला आहे. परवा आईशी बोलताना मी हळूच विषय काढला. अंबाडी संपली म्हटलं. ती गप्प. मग मी त्या मुलाचं सांगितलं, तो पीत नाही, त्याच्या गावाकडे अंबाडीला कुदरुम म्हणतात आणि चटणी करतात.

“चटणी?” आईचा आवाज बदलला. “लसूण घालतात का त्यात? त्याले विचारजो.”

“विचारते. आई, पाठवशील का मग?”

“बोंडं थंडीत येतात,” ती म्हणाली. “डिसेंबरात पाहू.”